‘डॅन्टन’मधले ढोंग नेमके कोणाचे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

म्हापशातील एका चित्रपटरसिक मंडळाने नुकताच आंद्रे वायदा या पोलिश दिग्दर्शकाचा ‘डॅन्टन’ हा १९८३ सालचा चित्रपट दाखवला आणि त्यानंतर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत त्यावर दोन पत्रे आली. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या इतक्या जुन्या चित्रपटाविषयी गोव्यातले मराठी वाचक एवढ्या तावातावाने लिहितात, ही गोष्ट मला मनापासून आवडली. मात्र दोन्ही पत्रांचा निष्कर्ष एकच होता आणि तो मला मान्य नाही. क्रांती करणारे सत्तेवर आले की सगळे सारखेच ढोंगी निघतात, हेच या चित्रपटाचे सार आहे असे दोन्ही पत्रलेखकांचे म्हणणे. त्यांपैकी एकाने तर त्याच दमात गोव्याच्या मुक्तिलढ्यालाही हा नियम लावून टाकला. चित्रपटात ढोंग आहे आणि भरपूर आहे, परंतु ते कोणाचे आणि कोणत्या जातीचे हे न पाहता ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे झालो, तर दिग्दर्शकाने सव्वादोन तास जे बारकाईने उभे केले आहे ते आपण पाहिलेच नाही असे होईल.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. काळ १७९४च्या वसंताचा. बास्तीयचा तुरुंग पडून पावणेपाच वर्षे झाली आहेत, राजाचा शिरच्छेद होऊन वर्ष उलटले आहे आणि प्रजासत्ताकाचा कारभार लोकसुरक्षा समितीच्या हाती आहे. या समितीचा सर्वांत वजनदार सदस्य रोबेस्पिएर. त्याचा जुना सहकारी डॅन्टन गावाकडची विश्रांती संपवून पॅरिसला परततो आणि आता ही कत्तल थांबवा अशी मागणी त्याच्या गोटातून सुरू होते. समिती त्याला अटक करते, खटल्याचा देखावा होतो आणि ५ एप्रिल रोजी डॅन्टन, त्याचा पत्रकार मित्र कामीय देमुलें आणि त्यांचे साथीदार गिलोटिनवर जातात. चित्रपट इथे संपतो. इतिहास पुढे चार महिन्यांच्या आत, २८ जुलै रोजी, रोबेस्पिएरलाही त्याच पात्याखाली नेतो.

आता ढोंगाकडे वळतो. ढोंगी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सहसा बाहेर एक आणि आत दुसराच असा माणूस उभा राहतो, म्हणजे व्यासपीठावर गरिबांचा कैवार आणि घरी पंचपक्वान्ने. ही व्याख्या घेऊन पाहिले तर चित्रपटातला ढोंगी डॅन्टन ठरतो. रस्त्यावर लोक पावासाठी रांगेत ताटकळत असताना तो उत्तम खातो, उत्तम पितो. त्याच्याकडे आलेल्या पैशाचा हिशोब कोणी विचारला तर उत्तर देणे त्याला जड जाईल, हे प्रेक्षकाला कळत राहते. जेरार दपारदियने हा माणूस इतका भरभक्कम, इतका हसरा आणि रगेल उभा केला आहे की आपण त्याचे हे सगळे त्याला माफ करून टाकतो. रोबेस्पिएर मात्र याच्या अगदी उलट आहे. एका सुताराच्या घरी भाड्याने राहणारा, लाच न घेणारा, नीटनेटक्या कपड्यांतला, पावडर लावलेला हा माणूस पॅरिसमध्ये ‘अभ्रष्ट’ या बिरुदानेच ओळखला जात होता. पैशाचा एक डाग त्याच्यावर नाही. तरीही चित्रपट दंभाचे खरे केंद्र त्याच्या खोलीत शोधतो, आणि मला या चित्रपटाचे मोठेपण तिथेच दिसते. भ्रष्ट माणसाला आपण भ्रष्ट आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे त्याच्या ढोंगाला कुठेतरी मर्यादा पडते. स्वच्छ माणसाने मात्र आपल्या स्वच्छतेवरच एकदा राज्य उभारले, की त्याला विरोध करणारा प्रत्येक जण आपोआप मलिन ठरतो.

दोघांच्या भेटीचे जेवण आठवून पाहा. डॅन्टनने स्वतः लक्ष घालून मेजवानी मांडली आहे, एकेक पदार्थ पुढे येतो आणि रोबेस्पिएर एकालाही हात लावत नाही. मग डॅन्टन ताटे उधळून देतो आणि त्याच्यासमोरचा पेला वाइनने अगदी काठोकाठ भरतो. रोबेस्पिएर थेंब न सांडता तो उचलतो आणि पितो. या प्रसंगात राजकारणाचे जे संवाद आहेत त्यांपेक्षा तो पेला अधिक सांगून जातो. डॅन्टनला वाटते, हा माणूस एकदा तरी सांडेल, चुकेल, माणसासारखा वागेल. आणि समोरच्याचे सगळे सामर्थ्य न सांडण्यात आहे. पुढे डॅन्टन त्याचा हात धरून आपल्या मानेवर ठेवतो. ज्या मानेविषयी कागदावर निर्णय व्हायचा आहे ती हाताला कशी लागते, हे त्याला कळावे म्हणून. मला हा प्रसंग पाहताना एक गोष्ट आठवत होती जी चित्रपट सांगत नाही: याच रोबेस्पिएरने १७९१च्या मे महिन्यात राष्ट्रीय सभेत देहदंडाची शिक्षा रद्द करावी म्हणून भाषण केले होते. राज्यसंस्थेने माणूस मारू नये असे मानणारा वकील तीन वर्षांत कुठे येऊन पोहोचला, याचे उत्तर ‘तो मुळात ढोंगी होता’ असे देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तेव्हाही तो खरे बोलत होता आणि १७९४ मध्येही त्याला आपण खरेच बोलतो असे वाटत होते.

पत्रलेखकांनी डॅन्टनला ढोंगाचा बळी म्हटले आहे. अर्धे बरोबर. खटल्याच्या प्रसंगात तो न्यायाधीशांवर गरजतो, लोकांकडे वळून बोलतो, आवाज बसेपर्यंत बोलतो. त्याला साक्षीदार बोलावू दिले जात नाहीत, आणि शेवटी न्यायासनाचा अवमान करणाऱ्या आरोपींना सुनावणीतून वगळण्याचा ठराव आणून त्याचे तोंड बंद केले जाते. पण हे क्रांतिकारी न्यायालय आले कुठून? १७९३च्या मार्चमध्ये ते स्थापन व्हावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत डॅन्टन अग्रभागी होता आणि मरणापूर्वी त्याने त्याबद्दल देवाची आणि माणसांची क्षमा मागितली, अशी नोंद इतिहासात आहे. त्याआधी, १७९२च्या सप्टेंबरात पॅरिसच्या तुरुंगांत घुसून जमावाने हजाराहून अधिक कैदी मारले तेव्हा न्यायमंत्री हाच होता. यंत्र त्यानेही घडवले होते. ते दुसऱ्यांवर चालत होते तोवर त्याच्या आवाजाचा हा गडगडाट कोणाला ऐकू आला नव्हता. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत खोल ढोंग हे आहे आणि ते दोघांच्यात विभागलेले आहे: अन्यायाचे साधन आपल्या हातात असते तेव्हा ते क्रांतीचे साधन असते, आणि आपल्यावर वळते तेव्हाच ते अन्यायाचे ठरते.

या साधनाचे काम कसे चालते हे वायदा यांनी फार संयमाने दाखवले आहे. कुठेही नुसती दांडगाई नाही. प्रत्येक गोष्टीला ठराव आहे, सही आहे, शिक्का आहे. देमुलेंचे ‘जुना कॉर्देलिए’ हे पत्र छापणाऱ्या छापखान्यावर माणसे येतात आणि यंत्रांची मोडतोड करतात, तेसुद्धा कायद्याच्या नावाने. १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले अकरावे कलम मुद्रणस्वातंत्र्याचे आहे. नववे कलम सांगते की अपराध सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा. सातवे सांगते की कायद्याने ठरवलेल्या रीतीखेरीज कोणाला अटक होऊ नये. चित्रपट पाहताना हा जाहीरनामा हाताशी ठेवावा, कारण पडद्यावर एकेक कलम जणू क्रमाने मोडले जाते आणि मोडणारे प्रत्येक वेळी त्याच जाहीरनाम्याची शपथ घेतात. क्रांतीने १७९३ मध्ये अतिशय उदार अशी राज्यघटना केली, लोकमताने ती मंजूर करून घेतली, आणि शांतता प्रस्थापित होईपर्यंत ती स्थगित ठेवली. सभागृहात ती देवदाराच्या पेटीत ठेवलेली होती. या पेटीइतके बोलके प्रतीक कोणा नाटककाराला सुचले नसते.

छापखान्याचा प्रसंग गोमंतकीय प्रेक्षकाला इतरांपेक्षा अधिक लागला असेल, असे मला वाटते. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि त्याने गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरिक मानले. त्या मोकळिकीत १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे केप्याचे ‘भारत’ निघाले, आणि त्याच हेगडे देसायांवर पुढे वारंवार खटले झाले. सालाझारच्या काळात तर लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, हे आपल्याकडची जुनी माणसे अजून सांगतात.

दुसरा एक प्रसंग चित्रकार दाविद याच्या चित्रशाळेतला आहे. रोबेस्पिएर तिथे उत्सवाच्या झगझगीत पोशाखात उभा राहून आपले चित्र काढून घेत आहे. १७८९ मध्ये प्रतिनिधींनी टेनिस कोर्टवर घेतलेल्या शपथेचे भव्य चित्र त्याच्या दृष्टीस पडते आणि त्यात डॅन्टनचा अटकेतला साथीदार फाब्र देग्लांतीन याचा चेहरा पाहून तो पुसून टाकायला तो सांगतो. चित्रकार म्हणतो की फाब्र तिथे होता. रोबेस्पिएरचे म्हणणे, नव्हता. हा प्रसंग इतिहासातला नाही. १७९४ मध्ये असे घडल्याचा पुरावा नाही आणि मला वाटत नाही की वायदा यांना तो हवा होता. विसाव्या शतकात ज्या राजवटींनी छायाचित्रांतून माणसे खरवडून काढली, त्यांच्यापैकी एका राजवटीच्या सावलीत आयुष्य काढलेल्या दिग्दर्शकाने तो बाहेरून आणून तिथे ठेवला आहे. इतिहासकार याला कालविपर्यास म्हणतील. मला तो चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो, कारण ढोंगाला शेवटी भूतकाळाचीही दुरुस्ती करावी लागते, हे तो एका मिनिटात सांगतो.

सभागृहाचा प्रसंगही विसरता येत नाही. डॅन्टनच्या अटकेने प्रतिनिधी खवळले आहेत, त्याला इथे येऊन बोलू द्या अशी मागणी होते, क्षणभर वाटते की समिती कोसळेल. मग रोबेस्पिएर बोलायला उभा राहतो. एका माणसाला वेगळी वागणूक का द्यावी, समतेच्या राज्यात विशेषाधिकार कसला, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे बाकीच्यांना बाजू मांडू दिली नाही, म्हणून यालाही द्यायची नाही, ही समता! काही मिनिटांपूर्वी ओरडणारे तेच लोक टाळ्या वाजवू लागतात. डॅन्टनचा मित्र असलेल्या ज्या लजांद्र या प्रतिनिधीने ही मागणी केली होती त्याने प्रत्यक्ष इतिहासातही लगेच माघार घेतली. सकाळी एका बाकावर आणि संध्याकाळी समोरच्या बाकावर बसणारे प्रतिनिधी कसे असतात, हे गोव्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. फरक एवढाच की पॅरिसच्या त्या प्रतिनिधींना मान जाण्याची भीती तरी होती.

एका तांत्रिक गोष्टीकडे दोन्ही पत्रांत दुर्लक्ष झाले आहे. हा चित्रपट फ्रान्स आणि पोलंड यांच्या सहकार्याने निघाला. डॅन्टनच्या गोटातील महत्त्वाच्या भूमिका फ्रेंच नटांकडे आहेत आणि रोबेस्पिएर व त्याची समिती मुख्यतः पोलिश नटांकडे. वोइचेख प्शोन्याक हा विलक्षण नट रोबेस्पिएर झाला आहे. तो पोलिश बोलतो आणि पडद्यावर फ्रेंच ऐकू येते. त्यामुळे समितीच्या माणसांचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसऱ्याचा येतो. मंडळातल्या काही प्रेक्षकांनी याला निर्मितीतला दोष म्हटले आणि तो दोषच आहे, पण या चित्रपटात तो विषयाला इतका साजेसा झाला आहे की तो काढून टाकावा असे मला वाटत नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. त्याचा मोठा दोष हा की त्याने युद्ध वगळले आहे. त्या वर्षी फ्रान्स ऑस्ट्रिया, प्रशिया, ब्रिटन, स्पेन अशा अनेक सत्तांशी लढत होता आणि देशाच्या पश्चिमेला वाँदेचा उठाव भडकून गेला होता. समितीच्या क्रौर्यामागे खरी भीती होती. ती भीती पडद्यावरून पुसली की दहशत म्हणजे दोन पुढाऱ्यांच्या स्वभावांचे भांडण वाटू लागते. या फ्रेंचांचे भय किती दूरवर पोहोचले होते हे पाहायचे तर परदेशी जाण्याची गरज नाही: फ्रेंच गोव्यावर येतील म्हणून १७९९ ते १८१३ अशी वर्षे इंग्रजांची फौज इथे तळ देऊन होती आणि दोना पावल येथील इंग्रजांचे कबरस्तान त्याची खूण आहे. दुसरा दोष डॅन्टनला दिलेल्या सवलतीचा. त्याच्या साथीदारांवरचा सर्वांत गंभीर आरोप फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या विसर्जनातल्या लबाडीचा होता. वर ज्याचा चेहरा पुसायला सांगितला त्या फाब्रवर कंपनीसंबंधीच्या ठरावाच्या मजकुरात फेरफार केल्याचा ठपका होता. आपल्याकडच्या व्यापारावर गबर झालेल्या कंपनीचा पैसा पॅरिसच्या क्रांतीत कसा झिरपला, हा भाग चित्रपटाने ठसठशीतपणे मांडला असता तर डॅन्टनच्या गर्जनेतली पोकळी अधिक ऐकू आली असती. फ्रेंच इतिहासकारांत यावरून एक जुनी लढाई झाली आहे. ओलार यांनी डॅन्टनला देशभक्त म्हणून उचलून धरले, तर माथिए यांनी त्याला विकला गेलेला पुढारी ठरवून रोबेस्पिएरची बाजू घेतली. पॅरिसने १८९१ मध्ये डॅन्टनचा पुतळा उभारला, यावरून सरकारी कल कुठे होता ते दिसते.

हा चित्रपट ज्या नाटकावर बेतला आहे त्याचाही येथे उल्लेख हवा. स्तानिस्लावा प्शिबिशेव्स्का या पोलिश लेखिकेने ते १९२९च्या सुमारास लिहिले आणि १९३५ मध्ये ती अत्यंत हलाखीत मरण पावली. तिचा जीव रोबेस्पिएरवर होता. वायदा यांनी १९७५ मध्ये वॉर्सात हे नाटक केले तेव्हाही प्शोन्याकच रोबेस्पिएर होता. चित्रपट करताना मात्र, ज्याँ-क्लोद कारिएर यांच्या पटकथेत (पीटर ब्रुकच्या ‘महाभारता’चे लेखन करणारे हेच) पारडे डॅन्टनकडे झुकले. मधल्या काळात पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ची चळवळ झाली होती आणि १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारून ती चिरडली गेली होती. कामगारांच्या नावाने चालणारे सरकार कामगारांच्या संघटनेवर रणगाडे घालत असताना, लोकांच्या नावाने लोकांचा आवाज बंद करणाऱ्या समितीचा चित्रपट कोणी निव्वळ फ्रेंच इतिहास म्हणून पाहणे शक्य नव्हते. गंमत अशी की फ्रान्समध्ये तेव्हा मितराँ यांचे समाजवादी सरकार होते, त्याच्या सांस्कृतिक खात्याने या निर्मितीला आर्थिक साहाय्यही केले होते, आणि क्रांतीचे गौरवगान अपेक्षित असलेल्या त्यातल्या अनेकांना हा चित्रपट रुचला नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना न रुचणारे काम करणे, हे दिग्दर्शकाच्या बाजूने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आता गोव्याच्या मुक्तिलढ्याविषयी. ‘आपल्याकडे तेच झाले’ हे पत्रलेखकाचे विधान मला केवळ अन्यायाचे वाटत नाही, ते या चित्रपटाशीही जुळत नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहिया आणि जुलियांव मिनेझिश यांच्या सभेपासून जे नागरी स्वातंत्र्याचे आंदोलन पेटले, त्यातल्या माणसांनी आग्वादच्या कोठड्या पाहिल्या, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांसारख्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात पाठवले गेले. १९६१ नंतर त्यांपैकी बहुतेकांच्या हाती सत्ता आलीच नाही; मग सत्तेने ते ढोंगी झाले हे म्हणायचे कोणाबद्दल? पुढच्या काळातल्या पक्षबदलूंचा राग त्यांच्यावर काढणे बरे नव्हे. शिवाय पक्षबदलू आणि रोबेस्पिएर हे एकाच मापाने मोजायचे प्रकार नाहीत. दंभ करण्यासाठी आधी एखादे तत्त्व मानावे लागते, त्याचा उच्चार करताना थोडा तरी कंप यावा लागतो. ज्याने काहीच मानले नाही त्याला दांभिक म्हणणे हा त्याचा सन्मानच आहे.

चित्रपटाशी खरोखर जुळणारे गोव्यातले उदाहरण हवेच असेल तर ते जवळजवळ दोनशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागेल. १८२० मध्ये पोर्तो शहरात उदारमतवादी क्रांती झाली, १८२२ची राज्यघटना आली आणि समुद्रापारच्या प्रजेलाही लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी मिळाले. नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह त्यांतले एक. निरंकुश राजेशाही आणि उदारमतवादी यांच्यातल्या युद्धात उदारमतवादी जिंकले, आणि १८३५च्या जानेवारीत हेच पेरिश द सिल्व्ह गोव्याचे प्रिफेक्त, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून पणजीत आले. गोमंतकीय माणूस प्रथमच त्या जागेवर बसला. सतरा दिवसांत लष्कराने त्यांना पदच्युत करून जहाजावर चढवले. समता, घटना, नागरिकत्व हे सगळे शब्द मान्य होते. नागरिक काळा निघाला आणि हुकूम देऊ लागला, एवढेच मान्य नव्हते. त्याच वर्षी मिरामारजवळच्या गाश्पार दियश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल झाली. आज त्या परिसरात संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. या प्रकरणावर चित्रपट निघाला तर तो ‘डॅन्टन’च्या शेजारी लावता येईल, कारण त्यातही क्रांतीचे शब्द आणि क्रांती करणाऱ्यांचे हात यांची अशीच फारकत आहे.

राहता राहिला तो लहान मुलगा, ज्याचा दोन्ही पत्रांत उल्लेख नाही आणि ज्याच्यामुळे मला ‘सगळे सारखेच’ हा निष्कर्ष अजिबात पटत नाही. सुरुवातीला रोबेस्पिएरच्या घरातली तरुणी एलेओनोर आपल्या धाकट्या भावाला टबात आंघोळ घालताना त्याच्याकडून मानवी हक्कांचा जाहीरनामा पाठ करून घेत असते आणि तो चुकला की त्याच्या हातावर फटका बसतो. शेवटी, डॅन्टनचे मस्तक पडल्यावर, रोबेस्पिएर घामाघूम होऊन अंथरुणात पडला आहे. क्रांती आपल्या हातून निसटली आहे हे त्याला कळून चुकले आहे. एलेओनोर कौतुकाने मुलाला घेऊन येते आणि तो एकही चूक न करता जाहीरनामा म्हणून दाखवतो. रोबेस्पिएर तोंडावर चादर ओढून घेतो.

हा शेवट पोरावर मार देऊन स्वातंत्र्य शिकवण्याचा उपहास आहे, हे कोणालाही दिसेल. पण चादर का ओढली जाते, हा माझा पत्रलेखकांना प्रश्न आहे. ती वाक्ये खोटी असती, मुळापासून थोतांड असती, तर त्यांना तोंड लपवण्याची गरज नव्हती. त्यांवर हसता आले असते. ती खरी आहेत आणि अजूनही खरी आहेत, म्हणूनच ऐकवत नाहीत. वायदा यांनी क्रांती करणाऱ्यांना त्या जाहीरनाम्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. जाहीरनाम्याला त्यांनी पिंजऱ्यात उभे केलेले नाही. ‘सगळे ढोंगच’ म्हणणाऱ्याला हा फरक पुसावा लागतो, आणि तो पुसला की मुद्रणस्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला संपादक आणि त्याला तुरुंगात टाकणारा अधिकारी यांच्यातही काही फरक उरत नाही.

मंडळाच्या चालकांना या पत्राद्वारे एक विनंती आहे. चित्रपट पुन्हा दाखवणार असाल, आणि दाखवावा, तर सुरू होण्यापूर्वी १७८९च्या जाहीरनाम्याच्या सतरा कलमांचा मराठी मजकूर प्रेक्षकांच्या हाती द्यावा. कागदाच्या दोन्ही बाजूंना तो व्यवस्थित मावतो. भाषांतर मी करून देईन आणि झेरॉक्सचा खर्चही माझ्याकडे लागला.

आपला,
एक वाचक
फोंडा, गोवा